खलनायकाची झोप

माझे बाबा दर हिवाळ्यात मरायचे. दिवाळी सरली, धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या भागात गावोगावी मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट होतात आणि रात्रभराची नाटकं लागतात. बाबा, म्हणजे वामनराव रामटेके, त्या नाटकांतले खलनायक. कधी बंदुकीच्या गोळीने मरत, कधी बहिणीच्या हातच्या विळ्याने, एकदा तर नुसत्या म्हातारीच्या शापाने. एरवी ते सिंदेवाहीला धानाच्या संशोधन केंद्रात मजुरांवर मुकादम होते आणि स्वभावाने इतके मऊ, की धानाच्या रोवणीला आलेल्या बाया त्यांच्यासमोरच त्यांच्या डायलॉगांची नक्कल करीत आणि ते हसत बसत.

त्यांचा आवाज मात्र खराच खलनायकाचा होता. आणि घोरणंही त्या आवाजाला शोभेल असं. पाहुणे यायचे ते आधी अंगणाचा दूरचा कोपरा धरायचे. नाटक कंपनीचं माईक आणि लाइटचं काम बघणारे फारूककाका बाबांचे जुने दोस्त. ते म्हणायचे, "यार वामन, तुझ्या घोरण्याले माईक नाई लागत. सगळे तुझ्यासारखे झाले तर माहा धंदा बसन."

आम्ही सगळे हसायचो. घोरणारा माणूस गाढ झोपतो, अशीच सगळ्यांची समजूत.

बाबांना झोपही कुठेही लागायची. बांधावर छत्री टेकवून उभ्या-उभ्या डुलकी. जेवताना घास हातातच. एकदा लुना चालवताना डोळा लागला आणि लुनेसकट ते चिखलणी केलेल्या बांधीत गेले. रोवणीच्या बायांनी त्यांना ओढून काढलं तेव्हा ओळखू आला तो फक्त आवाज. "नाटकवाल्याले जागरण असतेच," लोक म्हणाले. पण ते श्रावणाचे दिवस होते, आणि श्रावणात नाटकं नसतात. हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

बीपीचा त्रास त्याच सुमाराला निघाला. बसस्टँडजवळ डॉक्टर निशात यांनी नवीन दवाखाना टाकला होता. तरुण, हसऱ्या, पण औषधाच्या बाबतीत कडक. त्यांनी एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. मीठ कमी करायला सांगितलं. आईने भाजी इतकी अळणी केली की मांजर तोंड लावेना. बीपी खाली येईना.

"वामनराव, कसली चिंता करता का?"

"मी खलनायक आहो, डॉक्टरबाई. चिंता मी दुसऱ्याले देतो."

"झोप कशी लागते?"

"झोप? अशी लागते जी, की बसल्या जागी लागते!"

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. झोप उत्तम, असं त्यांनाही वाटलं. त्यांचं काही चुकलं नाही. बाबांना स्वतःलाही तसंच वाटत होतं.

पण घरात आम्हाला बाबा बदललेले दिसत होते. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. तोंड कोरडं, डोळे लाल. जो माणूस कधी आवाज चढवत नव्हता तो चहा थंड झाला म्हणून कप आदळायचा आणि मग स्वतःच ओशाळून कप धुऊन ठेवायचा. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं पाठांतर गेलं. ज्यांना अख्खं नाटक, बायांच्या संवादांसकट, पाठ असायचं, त्यांना आता चार ओळी आठवेनात. प्रॉम्प्टर पडद्याआडून इतक्या मोठ्याने सांगायचा की लोकांना प्रत्येक डायलॉग दोनदा ऐकू यायचा. कंपनीचे मालक गुणवंतराव एकदा म्हणालेच, "वामनराव, वय झालं का जी तुमचं?" बाबा तेव्हा पन्नाशीलाही टेकले नव्हते.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात नवरगावजवळच्या एका गावात प्रयोग होता. नाटकाचं नाव 'धाकट्या जावेचा डाव'. आई आणि मी पुढच्या रांगेत बसलो होतो. बाबा जंगलचोर ठेकेदार झाले होते. दुसऱ्या अंकात हीरो त्यांना गोळी घालतो, आणि मग ठेकेदाराची बायको त्यांच्या प्रेतावर पडून मोठं भाषण करते आणि गाणं म्हणते. हे काम उत्पला करायची. नागपूरची पोरगी, फार गुणी. तिचं भाषण सुरू झालं की बाया पदर डोळ्यांना लावायच्या.

त्या रात्री गोळी लागली, बाबा झकास कोसळले, उत्पलाने हंबरडा फोडला. शामियाना चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत प्रेत घोरायला लागलं.

आधी हळू. मग डोक्यावर लटकणाऱ्या माईकने तो आवाज धरला आणि गावभर पोचवला. क्षणभर कोणालाच कळेना. मग मागून एक जण ओरडला, "मेला नाई रे तो! झोपला!" आणि सगळा शामियाना फुटला. बाया हसत होत्या, पोट्टे शिट्ट्या मारत होते. आईने लाजून माझ्या पाठीमागे तोंड लपवलं.

उत्पला हुशार. तिने रडणं थांबवलं नाही. रडता रडता बाबांच्या दंडाला चिमटे काढत राहिली. मग एकाएकी घोरणं थांबलं. लोकांना वाटलं, चला, जागे झाले. ती मात्र गाणं म्हणता म्हणता अडखळली. मी पुढेच होते, मला दिसलं, बाबांचं पोट आत-बाहेर ओढलं जात होतं, तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. तिने त्यांच्या नाकाशी हात नेला. तिचा चेहरा खरोखर घाबरला. तिने त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवलं, आणि मोटरपंपाला पाणी लागावं तसा भलामोठा आवाज करून बाबा अर्धे उठून बसले.

"अजून एक गोळी घाल बे!" लोक ओरडले.

हीरोला दुसरं काही सुचेना. त्याने विंगेतून परत येऊन अजून एक गोळी घातली. बाबा पुन्हा पडले. या वेळी त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, पण जागे होते हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून आम्हाला दिसत होतं.

मध्यांतरात आम्ही पडद्यामागे गेलो. गुणवंतराव तणतणत होते. बाबा पेटीवर खाली मान घालून बसले होते, मिशीचा एक भाग सुटून लोंबत होता. फारूककाकांनी चहाचा पेला त्यांच्या हातात दिला. उत्पला पुढे झाली.

"काका, लोक हसले ते सोडा. तुमचा श्वास बंद झाला होता."

"झोप लागली बेटा. माफ कर."

"झोप नाही काका. श्वास. माझ्या वडिलांना असंच होतं. अजनीला रेल्वेत गार्ड होते ते. डॉक्टरांनी सांगितलं, घोरता घोरता गळा बंद पडतो." मग ती आईकडे वळली. "काकू, घरी कधी पाह्यलं का तुम्ही? घोरणं मध्येच थांबते?"

आई अगदी सहज म्हणाली, "थांबते ना. रोजच थांबते. मी हालवतो मंग."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"किती वर्षांपासून?" उत्पलाने विचारलं.

"ही पिंकी शाळेत जाऊन राह्यली होती तवापासून. आवाज थांबला की मले जाग येते. मी हात लावतो, ते कुशीवर होते, सुरू होते. सगळ्यायच्याच घरी असं असन, असं वाटे मले."

बाबांनी मान वर केली. "मीरा, तू मले कधी सांगितलं नाई?"

"काय सांगू? तुमी झोपले राहता."

दोन दिवसांनी आई बाबांना घेऊन डॉक्टर निशात यांच्याकडे गेली. मी बरोबर होते. बाबा सारखे म्हणत होते, घोरण्यासाठी कोणी डॉक्टरकडे जाते का, लोक काय म्हणतील. पण आईने सगळं सांगितलं, थांबणं, हलवणं, सकाळचं डोकं, लुना, कप. डॉक्टरबाई ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकल्या.

"मीराबाई, तुम्ही हे सांगितलं नसतं तर मी चौथी गोळी दिली असती," त्या म्हणाल्या. "याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत गळ्याचे स्नायू सैल पडतात. सगळ्यांचेच पडतात. पण वामनरावांची मान जाड, गळा आतून अरुंद, म्हणून हवेचा रस्ताच बंद होतो. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागतो. मग मेंदूला वाटतं, कोणीतरी गळा दाबून राह्यलं."

"मंग?" आई.

"मग तो सगळ्या नसांना हुकूम सोडतो, उठा, धोका आहे! हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी एकदम चढतं. माणूस अर्धवट जागा होतो, गळा उघडतो, श्वास घेतो, परत झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. एका रात्रीत हे शंभर-दोनशे वेळाही होऊ शकतं."

आईने बाबांकडे असं पाहिलं की जणू त्यांना पहिल्यांदाच बघते आहे. "म्हंजे हे झोपून नाई राह्यले. रातभर भांडून राह्यले."

"अगदी बरोबर. आपल्या सगळ्यांचं बीपी झोपेत खाली येतं, शरीर तेवढंच सुस्तावतं. यांचं रात्रीच चढतं. आणि रात्रभर भांडलेला माणूस सकाळी लगेच शांत होतो का? नसा दिवसाही तशाच ताठ राहतात. म्हणून गोळ्या हरतात. झोपच पूर्ण नाही तर पाठांतर कसं राहील, आणि राग कसा आवरेल?"

बाबा हळूच म्हणाले, "म्हंजे माहं वय नाई झालं?"

"नाही हो," डॉक्टरबाई हसल्या. "तुमची झोप व्हायची आहे अजून."

तपासणीसाठी नागपूरला जावं लागलं. डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून एक रात्र झोपवलं. बाबा म्हणाले, एवढ्या वायरा तर फारूकच्या मंडपातही नसतात. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी कागद दाखवून सांगितलं की आजार चांगलाच जोरात आहे, वेळेवर आलात. असंच चालू राहिलं असतं तर हृदयाला किंवा मेंदूला झटका बसायला वेळ लागला नसता. उपाय म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क बांधायचा, मशीन नळीतून हवेचा दाब सोडतं, गळा उघडा राहतो. उत्पलाच्या वडिलांनी तेवढ्यात नवीन मशीन घेतलं होतं. जुनं त्यांनी बाबांना देऊन टाकलं. डॉक्टरांनी त्यावर बाबांचा दाब ठरवून दिला, मास्क नवा आणला. शिवाय वजन उतरवायचं, पाठीवर झोपायचं नाही, आणि नाटक सुटल्यावरचा मोहाच्या दारूचा पेला बंद. मास्कपेक्षा या शेवटच्या गोष्टीला बाबांचं तोंड जास्त वाकडं झालं.

घरी आल्यावर मास्क बांधून त्यांनी आरशात पाहिलं.

"मीरा, मी खलनायक आहो. हत्ती नाई."

"हत्ती तरी शांत झोपते," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांनी मास्क लावला आणि थोड्याच वेळात लाइट गेली. ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार व्हायची आणि अंधारही आमच्याच घरात असायचा. मशीन बंद पडलं, बाबा घाबरून उठले, मास्क ओढून फेकला आणि जाहीर केलं की गळा दाबून मरायचं तर आपल्या पद्धतीने मरू. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीन कपाटावर गेलं आणि त्यावर आईने धानाच्या पिशव्या ठेवल्या.

फारूककाकांना हे कळलं तेव्हा ते भर दुपारी हातगाडी घेऊन आमच्या दारात आले. गाडीवर ट्रकची बॅटरी, इन्व्हर्टर आणि वायरीचं भेंडोळं.

"हे काय आणलं बे?" बाबा.

"तुले काय वाटलं, लाइट गेली की माहं नाटक बंद पडते? कधी पडलं का?" काकांनी बॅटरी खाटेखाली सरकवली. "तू बारा वर्सं माह्या माईकवर बोंबलून राह्यला. आता चूप झोपून दाखव. मशीन लाव. मी इथीच बसतो."

"तू काऊन बसशीन?"

"लाइट जाईपर्यंत बसतो. गेली अन् मशीन बंद पडलं तर माहं नाव बदलजो."

लाइट संध्याकाळी गेली. बल्ब विझला, शेजारच्या घरातून "गेली रे" असा आवाज आला. मशीन मात्र हलकेच फुसफुसत राहिलं. बाबा मास्कमधूनच काहीतरी पुटपुटले आणि त्यांचे डोळे मिटले. फारूककाका चहा पिऊन घरी गेले.

सकाळी बाबा आमच्या आधी उठले होते. मी अंगणात आले तर ते दात घासत उभे होते आणि कडुनिंबावरच्या पाखरांकडे बघत होते.

"काय झालं बाबा?"

"काई नाई." त्यांनी डोक्याला हात लावून पाहिला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "पिंकी, डोकं दुखून नाई राह्यलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांनी नुसतं डोकं हलकं झालं म्हणून माणसाला रडू येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

बीपी काही पहिल्या दिवशी उतरलं नाही. डॉक्टरबाईंनी बजावलंच होतं की नसांना शांत व्हायला वेळ लागतो, घाई करू नका, गोळ्या मनाने सोडू नका. बाबा रोज सकाळी तलावाच्या बांधापर्यंत चालून यायला लागले. मास्कच्या पट्ट्यांचे वळ गालांवर घेऊन ते रस्त्याने जायचे आणि कोणी विचारलं तर सांगायचे, "रातच्याले मारामारीचा सीन होता." महिन्याभराने डॉक्टरबाईंनी पट्टा गुंडाळला, काटा पाहिला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा पाहिला आणि एक गोळी कमी केली. बाबांनी ती बातमी फारूककाकांना सांगितली आणि फारूककाकांनी ती चौकात माईक तपासता तपासता सगळ्या सिंदेवाहीला सांगितली.

त्याच सुमारास गुणवंतरावांनी नवीन नाटक घेतलं. बाबांनी आपलं काम पाठ केलं, आणि मग जुनी सवय जागी होऊन हीरोचंही केलं. प्रॉम्प्टरला आता बसून तंबाखू मळायला वेळ मिळू लागला.

होळीच्या आधी कंपनी मुलचेऱ्याकडे गेली. तिथे आसपास निर्वासित बंगाली लोकांची गावं आहेत. त्यांनाही रात्रभराच्या नाटकाची आवड, म्हणून एक दिवस मध्ये सोडून दोन प्रयोग होते. कंपनी गावातल्या शाळेत उतरली होती. पहिला प्रयोग पहाटे सुटला आणि बाबा नेहमीप्रमाणे मास्क लावून, बॅटरी उशाशी घेऊन वर्गात झोपले.

पुढचं आम्हाला नंतर कळलं. शाळेच्या हापशीवर पाणी भरायला आलेल्या बायांनी खिडकीतून पाहिलं. रात्री एवढा गरजणारा माणूस निपचित पडलेला, तोंडा-नाकाला नळी, बाजूला यंत्र. त्यांनी घरी जाऊन सांगितलं की नाटकवाल्या बाबूला ऑक्सिजन लावला आहे. दुपारपर्यंत पलीकडच्या गावात बातमी गेली की तो काही वाचत नाही. संध्याकाळपर्यंत ती आणखी पिकली: माणूस जायच्या वाटेवर आहे, पण म्हणतो, उद्याचं नाटक करूनच जीव सोडीन.

तिथल्या एका मास्तरांची सासुरवाडी सिंदेवाहीची. त्यांनी आमच्या शेजारी फोन करून सांगितलं की वामनराव शेवटच्या घटका मोजताहेत, लोक दर्शनाला जाताहेत.

आईने रात्र कशी काढली ते मी सांगत नाही. पहिल्या एसटीने आम्ही निघालो. आधी मूल गाव, मग चामोर्शी, मग घोट. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची, प्रत्येक ठिकाणी थांबायचं. घोटच्या पुढे जंगल लागलं तेव्हा मला शंका आली.

"आई, ते मशीन तर पाह्यलं नसन लोकायनं?"

"मशीन असन तर लोक दर्शनाले काऊन जातील?" असं म्हणून तिने परत डोळे पुसले.

आम्ही पोचलो तर शाळेच्या ओसरीवर खरोखरच गर्दी होती. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. एक जण शहाळं घेऊन आलेला. आईच्या हातातली पिशवी गळून पडली. लोकांनी वाट करून दिली आणि ती दाराशी पोचली.

आत बाबा रात्रीच्या जागरणाआधी कुशीवर झोपून घेत होते. मास्क लावलेला, छाती सावकाश वर-खाली होत होती, मशीन फुसफुसत होतं. कोपऱ्यात फारूककाका वायर सोलत बसले होते. आईला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. "भाभी, हळू. झोपला आहे."

आई दारातच मटकन बसली. मला वाटलं ती रडते आहे. जवळ गेले तर ती हसत होती, पदर तोंडात कोंबून, अंग गदागदा हलवत. बाया आणखी घाबरल्या. त्यांना वाटलं, दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं.

बाबा उठल्यावर सगळा उलगडा झाला. गुणवंतराव मात्र कुठे दिसेनात. शेवटी ते तिकीटखिडकीच्या मागे सापडले. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून लोक येत होते, शेवटचं नाटक बघायला.

"अफवा मी उठवली नाई, मीराबाई," ते हात जोडून म्हणाले. "पण मोडलीही नाई. खोटं कायले बोलू?"

ज्यांच्या घरी कंपनीचं जेवण होतं त्या निताईबाबूंच्या बायकोने, सगळे तिला काकीमा म्हणत, आम्हाला अंगणात बसवून माशाचं कालवण आणि भात वाढला. बाबा असे जेवले की शहाळंवाला माणूस निराश होऊन आपलं शहाळं स्वतःच प्यायला. जेवण आवरल्यावर काकीमा आईजवळ सरकली आणि तिने हिंदी-मराठी मिसळून विचारलं की हे यंत्र घोरण्यासाठी असतं का. मग तिने पडवीकडे बोट दाखवलं. पडवीत निताईबाबू दुपारची झोप घेत होते आणि कौलं हलतील असे घोरत होते.

"मेरा आदमी भी मरेगा क्या?" तिने विचारलं.

आईने हात धुतले आणि ती पडवीत जाऊन निताईबाबूंच्या उशाशी बसली. आम्हाला बोलू नका म्हणून खूण केली. अंगणातल्या कोंबड्यांशिवाय कोणी हललं नाही. आईने डोळे मिटून घेतले होते. बराच वेळ ती तशीच ऐकत राहिली.

"नाई," ती शेवटी म्हणाली. "हे नुसतं घोरणं होय. मोठं आहे, पण कुठी थांबत नाई. झोपू द्या त्यायले."

काकीमाने तिचे दोन्ही हात धरले. कुंपणापलीकडून हे बघणारी एक बाई लगेच आत आली. तिला तिच्या नवऱ्याचं, लच्छू मिस्त्रीचं, घोरणं ऐकवायचं होतं. आई तिच्याबरोबर गेली. तिथून ती परत आली तेव्हा गंभीर होती. लच्छूचा आवाज थांबत होता, आणि मग तो दचकून, धापा टाकत परत सुरू होत होता. आईने त्या बाईकडून डॉक्टर निशात यांचं नाव आणि दवाखान्याचा पत्ता तीनदा म्हणवून घेतला, विसरू नये म्हणून. "घाबरू नको बाई," ती म्हणाली. "पण हयगयही करू नको. हसण्यावारी नेऊ नको." पुढे चैतात लच्छू खरंच आला सिंदेवाहीला.

मग तिसरी बाई आली, मग चौथी. दुपार उतरायला लागली होती आणि गावातले पुरुष एकेक करून जागे व्हायच्या आत आईला बरीच घरं घ्यायची होती. बाबा दाढी करून, मिशी चिकटवून शाळेच्या पायरीवर उभे राहून तिला शोधत होते.

"मीरा! माह्या नाटकाले आली का लोकायची झोप आयकाले?"

"तुमचं काय आयकायचं आता?" आई रस्त्यावरून चालता चालता म्हणाली. "तुमच्यातून तर आवाजच नाई येत." आणि ती पुढच्या घरात शिरली.